तवंदीच्या पायथ्यापर्यंत

बेळगावहून निपाणीला मोटार जाते, हे मला माहीत होते. आधीच सांगून टाकतो, कारण वाटेत भेटलेल्या बहुतेकांनी मला तेच सांगितले, आणि परतल्यावर शाळेतही पहिला प्रश्न तोच आला. मोटार होती, तिकिटापुरते पैसे होते, डोकेही ठिकाणावर होते. तरी नाताळच्या सुट्टीत मी चालत गेलो. अंतर पंचेचाळीस मैलांच्या वर. रस्त्याकडेच्या दगडांवरचे आकडे आणि लोकांच्या तोंडचे आकडे जुळत नाहीत, म्हणून याहून बारीक सांगत नाही.

मी मूळचा उचगावचा, शेतकऱ्याच्या घरातला. लहानपणी उचगावहून बेळगावच्या शाळेत रोज चालत जात-येत होतो, आणि त्याला कोणी व्यायाम म्हणत नव्हते. पुढे बेळगावातच गणिताचा मास्तर झालो, शहापुरात शाळेच्या भिंतीला लागून बिऱ्हाड केले, आणि पाय हा अवयव पाटावर मांडी घालण्यापुरता उरला. पंचेचाळिशी ओलांडली तसे जेवणानंतर छातीवर ओझे वाटू लागले. रात्री झोप येईना, दिवसा वर्गात ती आवरेना. त्रैराशिक चुकलेल्या मुलावर मी उगाच ओरडू लागलो. "तुम्ही माडीवर जाता तेव्हा तुमचा श्वास खाली चुलीपर्यंत ऐकू येतो," असे आमच्या मंडळींनी एकदा सांगितले. काळजीने सांगितले की टोमणा मारला, हे मला अजून कळलेले नाही.

आमच्या पेठेतल्या वैद्यांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "औषध आहे. पण ते पिरनवाडीत आहे. तिथल्या ओढ्याकाठच्या विहिरीचं तांब्याभर पाणी रोज सकाळी तिथंच उभं राहून प्यायचं. घरी आणलं की गुण जातो. आणि मास्तर, एक पथ्य. वाटेत पावलं मोजायची नाहीत."

पथ्य औषधाहून कठीण गेले. पण मी रोज पिरनवाडीला गेलो. सुरुवातीला वाटेत तीन-चारदा बसावे लागे, मग एकदा, मग बसायचे लक्षातच राहीना. काही महिन्यांनी वैद्यांना विचारले, "त्या पाण्यात काय आहे?" ते सुपारी कातरत म्हणाले, "पाण्यात पाणी आहे. औषध वाटेत आहे."

फायदे सांगताना पदरचे काही घालणार नाही. टक्कल होते तिथेच आहे. दाढ दुखायची ती चालून थांबली नाही, उपटावीच लागली. पण श्वास आता चुलीपर्यंत जात नाही. वखारीतल्या काट्यावर दर दिवाळीला वजन करतो, ते उतरले. पाठ टेकताच झोप लागते. आणि मनाचे म्हणाल, तर घरून निघताना ज्याचा राग आलेला असतो तो वाटेतल्या चिंचांपर्यंत टिकतो, ओढ्यापाशी पातळ होतो, आणि विहिरीवर पोचेपर्यंत त्या माणसाचेही थोडेफार बरोबर असावे असे वाटू लागते. हे का होते ते मला सिद्ध करता येत नाही. होते एवढे खरे.

आता निपाणीचे. निपाणीचा भूपाल माझा शाळेपासूनचा मित्र. जैन घर, तंबाखूची शेती आणि व्यापार. शिकायला तो बेळगावात बोर्डिंगात राहत असे. सुट्टी लागली की आम्ही दोघे बोचकी पाठीला बांधून त्याच्या घरी चालत जात असू. तो इतका झपझप चाले की आम्ही त्याला 'टपाल' म्हणत असू. अख्ख्या वाटेवर मला दिसे ती त्याची पाठ.

त्याची सून राजमती हिचे माहेर बेळगावचे. मार्गशीर्षात ती माहेरी आली तेव्हा आमच्याकडे येऊन गेली. भूपालची बायको पद्माक्का वर्षापूर्वी वारली, हे मला ठाऊक होते. मी तेव्हा मोटारीने जाऊन आलो होतो. त्यानंतरचे राजमतीने सांगितले.

"काका, आप्पा उठतच न्हाईत. सोप्यात भिंतीला टेकून बसल्यात ते बसल्यात. दिवसातनं एकदा जेवतात, ते बी सांजच्याला, दिवस असेपर्यंत. डाक्टर म्हणले, पायात काय रोग न्हाय, पण असंच बसले तर पाय जातील. ह्यांनी सांगून बघितलं, मी सांगून बघितलं."

"मी येतो सुट्टीत. सांगून बघतो."

"सांगू नका, काका." ती जरा घुटमळली. "मोटारीनं येऊ नका. चालत या."

मला उलगडा होईना. तेव्हा तिने समजावले. त्यांच्या घरात पाहुणा पोचवायची रीत आहे. मोटारीने वा गाडीने जाणाऱ्याला दारातून निरोप दिला तरी चालतो. पण पायी निघालेल्या पाहुण्याबरोबर घरच्या कर्त्याने स्वतः चालत जायचे, आणि पाहुणा "आता माघारी फिरा" म्हणेपर्यंत माघारी फिरायचे नाही. "वर्षभर आलेलं सगळं पाहुणं मोटारीनं आलं," राजमती म्हणाली. "आप्पांनी बसल्या जागी हात जोडले. पायी कोण आलंच न्हाय."

मला लगेच भूपालचे वडील आठवले. सुट्टी संपून आम्ही बेळगावला निघालो की ते आम्हा दोन पोरांना तवंदीच्या घाटाच्या पायथ्यापर्यंत पोचवायला येत. स्वतःचा मुलगाही त्या वेळी पाहुणाच. मी "आता माघारी फिरा" म्हणालो की ते वळत, आणि मग एकदाही मागे पाहत नसत.

राजमती गेल्यावर आमची मंडळी म्हणाली, "औषध पिरनवाडीला, पाहुणचार निपाणीला. घराला काय, नुसतं घोरणं!" पण दशम्या तिनेच बांधून दिल्या.

वंटमुरीचा चढ

पहाटेच्या थंडीत काकती मागे टाकली. मार्कंडेय नदीवर धुके होते आणि शेतातून शाळूचा ओला वास येत होता. उजाडल्यावर मागून निपाणीची मोटार आली. लढाई सुरू झाल्यापासून पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या बसवल्या होत्या. ही मोटार त्यातलीच, धूर ओकत आलेली. ड्रायव्हर ओळखीचा निघाला.

"मास्तर, चढा! पुढची जागा देतो."

"नको. चालतोय तेच बरं."

"पायाला काय नवस बोललाय?"

"तसंच समजा."

आतले लोक हसले आणि मोटार गेली. वंटमुरीच्या चढावर तीच मोटार उभी दिसली. भट्टीचा दम संपला होता. उतारू खाली उतरून मागून रेटत होते, आणि कोट घातलेले एक जाडजूड व्यापारी काठीवर रेलून श्वास शोधत होते. मीही खांदा लावला. वरच्या वळणापर्यंत मोटार नेली आणि तिथे ती पुन्हा थांबली.

"मास्तर," ते व्यापारी म्हणाले, "दम कसा लागला न्हाय तुम्हास्नी?"

"दोन वर्षांपूर्वी लागत होता. माझ्याच माडीच्या जिन्यावर."

"आणि आता?"

"आता तुमच्या मोटारीला लागतोय."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिले नाही. मी पुढे निघालो, आणि त्या मोटारीने मला गाठले तेव्हा मी घाट उतरून सपाटीवर आलो होतो. या वेळी आतून कोणी हसले नाही. व्यापाऱ्यांनी हात मात्र केला.

हत्तरगीला पोचलो तेव्हा टाचा बोलू लागल्या होत्या. तिथे एक म्हातारी वाटसरूंना जेवू घालते. तिचे मराठी तोडके, माझे कानडी बाजारापुरते. तिने माझ्या धुळीने माखलेल्या पायांकडे पाहून विचारले, "नडकोंत बंदिर्‍येनु?" म्हणजे, चालत आलात? मी मान हलवली. आमच्याकडे पाहुणा आला की आधी नाव-गाव विचारतात, मग पाणी. या बाईने नाव शेवटपर्यंत विचारले नाही. आधी कढत पाण्याचे घंगाळे पायांपुढे ठेवले, मग एरंडेलाची वाटी. "ऊट माड्रि," जेवा, म्हणून ताट वाढले: ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी, वर दह्याचा गोळा. इतकी भूक मला शाळेच्या दिवसांनंतर लागली नव्हती. भुकेला चव असते हे मी विसरलो होतो. घड्याळ बघून जेवणाऱ्याला ती कळत नाही.

संकेश्वर

दुसऱ्या दिवशी थोडेच चाललो, कारण डाव्या टाचेला फोड आला होता. पंचेचाळिशी ओलांडलेल्याने चालावे, पण फोडाशी भांडू नये. संकेश्वरला हिरण्यकेशीत पाय सोडून बसलो. याच पात्रात भूपाल आणि मी धोतरे वर खोचून उभे राहत असू, आणि तो म्हणे, "चल रं, आई वाट बघत असंल. दिवस बुडाला की आमच्यात कोण जेवत न्हाय, पाणी बी पीत न्हाय." त्याच्या आईने आमच्यासाठी कधी उपाशी राहू नये म्हणून आम्ही शेवटचे मैल पळत जात असू. तेव्हा मला त्या नियमाची गंमत वाटे. उचगावात आमचे वडील शेतावरून येऊन, दिवा लावून, निवांत जेवत; सूर्याने आमच्या ताटात कधी लक्ष घातले नव्हते.

तिसऱ्या दिवशी चूक माझ्याकडूनच झाली. संकेश्वरच्या बाहेर एका जुन्या विद्यार्थ्याचे गुऱ्हाळ आहे. त्याने लांबूनच ओळखले.

"गुरुजी! तुम्ही? चालत?"

"रस पाज आणि सोड. निपाणी गाठायची आहे."

"रसावर कोण सोडतंय? काहील उतरायला आलीया. गरम गूळ खाल्ल्याबिगर जायचं न्हाय."

मी थांबलो. रस प्यालो, काकवी चाटली, गुळाचा पहिला खडा केळीच्या पानावर घेतला. तो आणि त्याचे गडी जुन्या गोष्टी काढत बसले. वर्गात मी त्याला काय काय मारले ते त्याने सगळ्यांना हौसेने सांगितले. मी हसत होतो. मग सहज सावलीकडे पाहिले. ती पायाखालून निघून पूर्वेकडे सरकली होती.

त्या दिवशी मी पोचणार असे राजमतीने घरी सांगून ठेवले होते. आणि भूपालच्या घरी पाहुण्याच्या आधी कर्ता जेवत नाही. म्हणजे हिशेब सरळ होता: मी सूर्यास्ताआधी पोचलो नाही, तर दिवसातून एकदाच जेवणारा, आधीच खंगलेला माणूस त्या दिवशी अन्नाशिवाय आणि पाण्याशिवाय राहणार, तो थेट दुसऱ्या सकाळपर्यंत. आणि कारण काय, तर मी गूळ खात बसलो.

झपाट्याने निघालो. कणगल्याच्या पुढे उजव्या चपलेचा अंगठा तुटला. दोरीने बांधला, तोही तुटला. मग दोन्ही चपला काखेत मारल्या आणि अनवाणी चालू लागलो. खडी टोचत होती. पण एक गोष्ट नमूद करतो. वैद्यांनी दिलेले पथ्य त्या दिवशी आपोआप पाळले गेले. मी काहीच मोजले नाही. डोळा फक्त सूर्यावर होता.

तवंदीचा घाट आला तेव्हा ऊन पिवळे झाले होते. वरच्या देवस्थानाची घंटा ऐकू आली. उतारावरून खाली निपाणी दिसू लागली: तंबाखूची शेते, मधूनमधून कापलेली, आणि वाळत घातलेल्या पानांचा तो नाकात झोंबणारा गोडसर वास. शाळेतल्या दिवसांत हा वास आला की भूपाल पळायला लागे. या वेळी मीच पळालो. खरे सांगायचे तर पळणे म्हणावे असे ते नव्हते, पण दोन वर्षांपूर्वी मला तेही जमले नसते.

निपाणी

राजमती उंबऱ्यात उभी होती. तिची नजर माझ्याकडे नव्हती, समोरच्या तंबाखूच्या छपराकडे होती. छपराच्या कडेवर अजून ऊन होते.

"आले, आप्पा!" ती आत ओरडली. "काका आले!"

सोप्यात घोंगड्यावर भिंतीला टेकून भूपाल बसला होता. मी त्याला वर्षाने पाहत होतो. धोतराखालून दिसणारी पोटरी हाताच्या मुठीत मावेल अशी झाली होती. ही टपालाची पोटरी.

"मोटार फुटली व्हय रं?" त्याने विचारले.

"चालत आलो."

"येडा हाईस." मग माझ्या काखेतल्या चपलांकडे पाहून म्हणाला, "चपला दमल्या वाटतं, उचलून आणल्यास. पाय धू लवकर. ऊन गेलं तर दोघं बी पाण्याबिगर मरू."

आम्ही समोरासमोर बसून भराभर जेवलो. मुगाची आमटी, पावट्याची उसळ, भाकरी, तूप. बोलायला सवड नव्हती. छपरावरचे ऊन आणि ताटातली भाकरी बरोबरच कमी होत होती. गाळलेल्या पाण्याचा शेवटचा घोट घेऊन भूपालने तांब्या पालथा घातला, आणि बाहेर पाहिले तो छप्पर काळे झाले होते. राजमतीने पदराने कपाळ पुसले. तिनेही सकाळपासून काही खाल्ले नव्हते. आम्ही जेवत असतानाच स्वयंपाकघरात तिने चार घास कसे उरकले ते तिचे तिला ठाऊक.

मग भूपाल बोलला.

"तू बरा दिसतोस रं."

"चालतो रोज."

"कुठं?"

"पिरनवाडीला. पाणी प्यायला."

"बेळगावातलं पाणी आटलं काय?" तो किंचित हसला आणि पुन्हा भिंतीला टेकला. "मला सांगायला आलास न्हव, चाल म्हणून? सगळी सांगत्यात. जाऊ कुठं? दर अमावस्येला आमी दोघं तवंदीच्या देवाला जायचो. शाळेत मी पुढं असायचो, आठवतंय? पद्मी आली आणि मी मागं पडलो. ती पुढं, मी मागं. तीस वर्सं तिची पाठ बघत घाट चढलो. आता रस्त्यावर पाऊल टाकलं की पुढं कोण न्हाय. रस्ता रिकामाच दिसतोय."

मी सांगायला आलो नव्हतो, हे एका परीने बरेच झाले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मी बोचके उचलले आणि म्हणालो, "भूपाल, येतो."

"आलास काय, निघालास काय! सुट्टी हाय न्हव?"

"उचगावचं काम आहे."

उंबऱ्यावर त्याच्या वहाणा पुसून, तेल लावून ठेवलेल्या होत्या. राजमती आत काहीतरी घासत होती. भांड्याचा आवाज जरा जास्तच येत होता. भूपालने वहाणांकडे पाहिले, माझ्या पायांकडे पाहिले. गावातल्या चांभाराने माझ्या चपला सकाळीच सांधून दिल्या होत्या. मोटारतळाकडे जाणारा माणूस नव्हता मी, हे त्याला दिसत होते. तो भिंतीला हात लावून उठला.

आम्ही गल्लीच्या कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत गेलो. तेवढ्यात समोरच्या घरातली म्हातारी ओरडली, "अगं बाई! आप्पा भाईर आलं गं!" आणि चार दारांतून चार डोकी बाहेर आली. भूपालच्या कपाळावर घाम होता. मी लगेच म्हणालो, "आता माघारी फिरा." इतर वेळी आम्ही अरे-तुरे बोलतो, पण हे तीन शब्द रीतीप्रमाणेच म्हणायचे असतात. तो वळला. वडिलांसारखाच, मागे न पाहता.

मी शेतांतून एक फेरी मारली आणि ऊन असतानाच मागल्या दाराने घरी आलो.

"आता काय रं?" भूपाल म्हणाला.

"पंचा विसरला."

त्याने माझ्या खांद्याकडे पाहिले. पंचा तिथेच होता.

बसून राहिलेल्या माणसाला एकदम मैल-दोन मैल चालवणे हा मूर्खपणा आहे, हे मी स्वतःवरून शिकलो होतो. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा निघालो. या वेळी नाक्यापर्यंत. वाटेत दोन ठिकाणी बसलो. एका वखारीपुढे तंबाखू निवडणाऱ्या बायांनी हात थांबवून नमस्कार केला, एका शेतकऱ्याने पिकाची विचारपूस केली, आणि भूपालने त्याला पानांच्या वाळवणीबद्दल दोन शब्द सुनावले. त्याचा आवाज बदलला होता. माणूस घरात बसला की त्याला आपलेच दुःख ऐकू येत राहते. रस्त्यावर दुसऱ्यांची पिकेही मध्ये बोलतात.

नाक्यावर त्याने विचारले, "आज काय विसरणार हाईस?"

"छत्री."

"छत्री आणलीच न्हाईस."

"म्हणूनच."

"दत्तू," तो श्वास घेत म्हणाला, "तू मास्तर असशील, पण मला बी गणित कळतंय. रोज थोडा थोडा वाढवतोयस मला. पोरास्नी पाढं वाढवावं तसा."

"मग उद्या येऊ नकोस पोचवायला."

"न्हाय कसा येऊ? पायी पाहुणा हाय." आणि तो पहिल्यांदा मोकळा हसला. "लई वाईट रीत हाय आमची."

असेच आणखी दोन दिवस गेले. मग सुट्टी खरोखरच संपत आली. शेवटच्या दिवशी राजमतीने मला नमस्कार केला आणि भूपालला म्हणाली, "आप्पा, मी ताट वाढून बसते. तुम्ही आल्याबिगर जेवत न्हाय." या घरातली सगळी शस्त्रे एकाच तऱ्हेची आहेत, आणि ती बायकांच्या हातात आहेत.

हळूहळू, थांबत थांबत, आम्ही तवंदीच्या पायथ्याशी पोचलो. तिथे रस्त्याच्या कडेला एक सपाट दगड आहे. भूपाल त्यावर बसला आणि बाजूची जागा त्याने हाताने झाडली. मग हात तिथेच राहिला.

"हितं बसायची ती," तो म्हणाला. "पदराला फुटाणं बांधून आणायची. मला निम्मं द्यायची आणि म्हणायची, खावा, वर गेल्यावर देव काय देणार न्हाय." त्याने वर पाहिले. घाटाचा रस्ता वळत वर जात होता, आणि त्यावर त्या वेळी खरेच कोणी नव्हते. मग त्याने डोळे पुसले. घाम होता की काय, ते मी तपासले नाही.

ऊन कलू लागले.

"म्हण की रं," तो म्हणाला.

"काय?"

"माघारी फिरा म्हण. सून बसली असंल उपाशी."

"जा की मग."

"तू म्हटल्याबिगर? आमच्या वडलानं कवा केलं न्हाय ते."

"वर चल मग. मला देवळापर्यंत पोचव."

त्याने घाटाकडे पाहिले, स्वतःच्या पायांकडे पाहिले, आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "आज न्हाय हुयाचं."

"आज नकोच. पण मी म्हणणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं पोचवणं पुरं झालेलं नाही. अर्धं राहिलं. अमावस्येला ये आणि पुढचं पोचव. मी नसलो तरी वाट तीच आहे."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "लई बेरकी झालास, मास्तर," तो म्हणाला. "शाळेत नुसता माझ्या मागनं पळत हुतास."

"अजून तेच करतोय."

सूर्य आणखी खाली गेला. भूपाल उठला. काही पावले तसाच माझ्याकडे तोंड करून, जणू मी शेवटी म्हणेन या आशेने, मागे सरकला, मग वळला. मी घाट चढू लागलो. पहिल्या वळणावरून खाली पाहिले. तंबाखूच्या शेतांमधून एक पांढरा ठिपका निपाणीकडे चालला होता. आणि मग त्या ठिपक्याने थांबून धोतर वर खोचले, जसे तो शाळेच्या दिवसांत आईकडे पोचायची घाई झाली की खोचत असे. त्या घरात कोणी उपाशी राहू नये म्हणून पुन्हा एकदा तो लगबगीने जात होता, आणि पुन्हा एकदा मला दिसत होती ती त्याची पाठ.

परत येताना संकेश्वरहून मी मोटारीत बसलो. लपवण्यात अर्थ नाही. टाच सुजली होती. वंटमुरीच्या घाटात मोटार थांबली तेव्हा रेटायला सर्वांत आधी मीच उतरलो.

यानंतरचे सगळे ऐकीव आहे, पण सांगणारे खोटे बोलणारे नव्हेत. तंबाखूच्या कामासाठी निपाणीहून बेळगावला येणारे लोक मधूनमधून घरी डोकावतात. पौषातल्या अमावस्येला आप्पा दगडापर्यंत गेले, असे एकाने सांगितले. माघातल्या अमावस्येला पहिल्या वळणापर्यंत. खिशात फुटाणे होते. परवा राजमतीचा नवरा आला होता. म्हणाला, आप्पा देवळापर्यंत जाऊन आले, दिवसातून दोनदा जेवतात, आणि तुम्हाला निरोप आहे: पोचवणं पुरं झालंय, आता तरी ते तीन शब्द म्हण.

मी रोज सकाळी पिरनवाडीच्या विहिरीवर उभा राहून तांब्याभर पाणी पितो. त्यात काय आहे हे मला माहीत आहे, तरी जातो. निरोप घेऊन आलेल्या भूपालच्या पोराला मी चहा दिला, बसवला, आणि सांगितले, आप्पांना म्हणावे, अजून नाही.